लाल ठिपक्याचा पेला

"तो नको गो!" म्हणत कमलाबाईंनी सुनेच्या हातातून पेला असा ओढून घेतला, की पाणी स्वप्नाच्या मनगटावरून ओघळत कोपरापर्यंत गेलं. घशाला कोरड पडली म्हणून ती आपली आपण उठून स्वयंपाकघरात आली होती, मांडणीवर हाताला लागला तो पेला घेतला होता, एवढंच. कमलाबाईंनी पदराचं टोक नाकातोंडावर धरलं, एक पाऊल मागे सरल्या आणि वरच्या फळीवर झाकून ठेवलेला दुसरा पेला काढून ओट्याच्या कडेला ठेवला. हातात दिला नाही, ठेवला. "ह्यो तुझा. ह्यातच पीत जा." आणि नातीला, वेदिकेला, कडेवर घेऊन त्या मागच्या दारी निघून गेल्या. स्वप्नाने पेला उचलला. घरातल्या इतर पेल्यांसारखाच, स्टीलचा, काठाशी दोन रेघा. पण उलटा करून बघितला तर बुडाशी एक लाल ठिपका होता. नेलपॉलिशचा. तिच्याच लग्नातल्या नेलपॉलिशचा; ती बाटली तिच्या कपाटात, साड्यांच्या मागे होती. म्हणजे कुणीतरी कपाट उघडलं होतं, बाटली शोधली होती, पेला पालथा घालून सावकाश ठिपका काढला होता आणि तो वाळेपर्यंत वाट बघितली होती. घाईगर्दीत चुकून होणारी ही गोष्ट नव्हे. स्वप्नाला तहान लागली होती, पण ती पाणी प्यायली नाही. कोपरावरचं पाणी मात्र हळूहळू सुकत गेलं आणि तेवढीच जागा कितीतरी वेळ गार लागत राहिली.

पेल्यांकडे बघायची सवय तिला बापाने लावली होती. राजाराम गुरुजी तरणेपणी लांज्याकडच्या एका आतल्या गावात शाळेवर लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी पंचायतीतल्या एका मोठ्या घरी त्यांना चहाला बोलावलं होतं. बोलावणं प्रेमाचंच होतं. "या गुरुजी, बसा गुरुजी" असं आदराने चाललं होतं. मग घरधनी म्हणाला, तेवढा कप घ्या हो तिथनं. तिथनं म्हणजे अंगणाच्या गडग्यातनं, दगडी कुंपणातनं. जांभ्याचा एक चिरा निखळून पडलेल्या पोकळीत एक कप पालथा घातलेला होता, कान तुटलेला. गुरुजींनी तो घेतला, वरून ओतलेला चहा प्यायले, हौदावर धुऊन पुन्हा त्या पोकळीत पालथा घातला. ही हकीकत ते हसत सांगायचे. पोरांना हसू यायचं नाही, म्हणून आणखी मोठ्याने हसायचे, आणि शेवटी म्हणायचे, "बाय, आपल्याला पाणी देतात तो पेला कुठनं येतो तेवढं बघून ठेवायचं. भांडायचं की नाही ते नंतर ठरवायचं. आधी बघायचं." स्वप्ना बघायला शिकली. कॉलेजातल्या मैत्रिणीच्या घरी, शिपोशीला, हातखंब्याला, पुढे ज्या शाळेत ती लिपिक म्हणून लागली तिथल्या स्टाफरूममध्येही. गप्पा ऐकता ऐकता, हसता हसता तिचे डोळे ट्रेवरून फिरून यायचे: सगळे कप सारखे आहेत ना, आपला वेगळ्या हाताने तर नाही ना आला. बहुतेक वेळा सारखेच असायचे. पण एखाद्या वेळी नसायचे, आणि त्या एका वेळेसाठी डोळ्यांना बाकी सगळ्या वेळा जागं राहावं लागायचं. फक्त ह्या एका घरात, मिरजोळ्याच्या ह्या दोन खोल्यांत, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर असलेल्या घरात लग्न होऊन आल्यावर तिने ते जागरण सोडून दिलं होतं. इथे कशाला बघायचं? इथे सगळ्यांनी एकाच इतिहासातलं पाणी प्यायलेलं. आणि आता इथेच, तिच्या स्वतःच्या नेलपॉलिशचा ठिपका.

दुखणं सुरू झालं ते वेदिका नुकती रांगायला लागली होती तेव्हा. आधी मांडवीच्या किनाऱ्यावर चालताना धाप लागली, मग शाळेचा जिना चढताना, मग नुसतं पोरीला उचलताना. आरशात ओठ पांढरे दिसायला लागले. रत्नागिरीतल्या डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, खजूर खा म्हणाले, बीट खा म्हणाले. बीट खाऊन लघवी लाल झाली, ती काही झाली नाही. रक्त चढवलं की चार दिवस गाल उजळायचे, पुन्हा मेणासारखे. शेवटी नवरा अमरदीप कंपनीत रजा टाकून तिला कोल्हापूरला घेऊन गेला. तिथे कमरेच्या हाडात सुई घालून आतला मगज काढला, आणि त्या डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं, प्युअर रेड सेल अप्लेशिया. लाखांत एखाद्याला होतो म्हणाले. जन्मापासूनचा नाही, नंतर आलेला. बाकी सगळं तुमचं छान आहे, पांढऱ्या पेशी छान, प्लेटलेट छान, फक्त लाल पेशींची दाढ रिकामी आहे. कोकणातलं माणूस म्हणून त्यांनी मुद्दाम दाढ म्हटलं असावं. भाताची रोपं वाढवायला पालापाचोळ्याचा राब भाजून तयार करतात ती दाढ. तिला ते लगेच दिसलं. चारी बाजूंनी हिरवं शेत, आणि मधेच एक वाफा, भाजलेला, काळा, ज्यात पेरलेलं काही उगवतच नाही. "उगवतं," डॉक्टर म्हणाले, "पण डोकं वर काढलं की मारलं जातं. आणि मारणारे बाहेरचे कुणी नाहीत, तुमचेच पहारेकरी आहेत. त्यांना तुमचीच पोरं चोर वाटायला लागलीत." मग त्यांनी लाल पेशी घडते कशी ते सांगितलं. तिला ते एखाद्या घरातल्या मुलीची गोष्ट ऐकावी तसं वाटलं होतं. आधी ती पेशी मोठी असते, पोटात भलामोठा गाभा घेऊन. दुभंगते, पुन्हा दुभंगते, दरवेळी लहान होत जाते, आणि आत लाली भरत जाते. गाभा आक्रसत आक्रसत आंब्याच्या वाळक्या बाठ्यासारखा होतो. आणि एके दिवशी ती तो गाभाच बाहेर टाकून देते. मग तशीच, बाठा नसलेली, हाडाबाहेर पडून रक्ताला मिळते आणि मरेपर्यंत श्वास वाहत राहते. "आणि पांढऱ्या?" तिने विचारलं होतं. पांढऱ्या गाभा टाकत नाहीत, डॉक्टर म्हणाले. त्यांना सगळं आठवतं. लहानपणी आलेल्या गोवराचा चेहरासुद्धा त्या विसरत नाहीत. एसटीत परतताना, आंबा घाट उतरताना, अमरदीपच्या खांद्यावर डोकं ठेवून ती ह्याचाच विचार करत राहिली: ज्यांना काही आठवत नाही त्या ओझं वाहतात, आणि ज्यांना सगळं आठवतं त्या पहारा करतात. आपण कुठल्या?

पहारेकरी शांत करायला कॅप्सूल दिल्या होत्या. पाकिटाची चांदी फोडली की असा उग्र वास यायचा, की पहिल्या दिवशी तिला उलटीच झाली. आणि त्या सुरू करायच्या म्हणून वेदिकेचं अंगावरचं पिणं तोडावं लागलं. ते दिवस आठवले की अजून छाती दगडासारखी व्हायची. पोर रात्रंदिवस तिच्या गाऊनची बटणं ओढायची, आणि कमलाबाई तिला उचलून घेऊन जायच्या, "ये गो माझी बाय, चल, कोंबडी बघूया." कोंबडी बघता बघता पोर आजीची झाली. पण औषध लागू पडलं. दुसऱ्या खेपेला कोल्हापूरचे डॉक्टर रिपोर्ट हातात धरून पहिल्यांदाच नीट हसले. कोवळ्या लाल पेशी रक्तात दिसायला लागल्या होत्या, अगदी थोड्या. रोपांचा तरवा उगवतोय म्हणाले. ह्या गोळ्या एक दिवसही चुकवू नका, पाणी उकळून प्या, गर्दीत जाऊ नका. पुढच्या महिन्यात पुन्हा बघू. हा वाफा धरला तर रक्त चढवणं सुटेल. नाहीच धरला तर मग आपल्याकडे फार वाटा नाहीत, असंही म्हणाले, पण ते अमरदीपकडे बघून.

ठिपका दिसला त्या दिवसापासून मात्र स्वप्नाचे डोळे पुन्हा जागे झाले, आणि एकदा जागे झाल्यावर त्यांना काय काय दिसायला लागलं! वाढताना कमलाबाई पदर नाकावर धरतात. ताट हातात देत नाहीत, खाली ठेवून सरकवतात. तिची चादर वेगळी भिजते. वेदिका तिच्याकडे झेपावली की "सर्दी हाय तिला, तू नको घेऊस" म्हणून काढून नेतात. शेंबूड काय कुठल्या पोराला नसतो? पोरगी आता जेवतेही आजीबरोबर, मागच्या पडवीत; तिची वाटीसुद्धा मांडणीवरून नाहीशी झाली. शेजारच्या हौसाकाकूने एकदा दारातूनच विचारलं होतं, "काय गो कमळे, हे सुनेचं लागणीतलं तर नाय ना?" त्यावर कमलाबाई खवळून म्हणाल्या होत्या, "लागणीतलं तुझं तोंड!" तेव्हा स्वप्नाला बरं वाटलं होतं. आता तेच आठवून ती त्यातली धार तपासून बघत होती. एवढं खवळायचं कारण? खऱ्यालाच तर माणूस खवळतं. मग एका दुपारी तिला झोप लागली आहे असं समजून कमलाबाई पडवीत फोनवर बोलत होत्या. अमरदीप लोट्याच्या केमिकल कंपनीत होता, तिथेच चौघांत खोली करून राहायचा, सुट्टीला घरी यायचा. शिफ्टला जायच्या आधी तो रोज आईला फोन करायचा. बायकोलाही करायचा. पण आधी आईला. "केला मी पेला वेगळा," कमलाबाई म्हणत होत्या, हलक्या आवाजात, मधे मधे खोकत. "तिला तू काय बोलू नको. जीवाला लावून घेईल." आणि पलीकडून काहीतरी, आणि मग, "व्हय व्हय, पोरीलापण लांबच ठेवतंय." स्वप्ना भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. भिंतीच्या गिलाव्यातून एक बारीक भेग वर गेली होती. त्या भेगेवरून एक मुंगी चालली होती, थांबत होती, शिंगं हलवत होती, पुन्हा चालत होती. तोसुद्धा, तिच्या मनात आलं. तोसुद्धा.

रात्री फोनवर ती त्याला म्हणाली, "अहो, घरात सगळं ठीक आहे ना?" तो म्हणाला, "म्हणजे काय गं? तूच घरात आहेस, मला काय विचारतेस?" आणि हसला. पूर्वी ह्या हसण्याला ती फसली असती.

त्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी कॅप्सूल हातात घेतली आणि तिला एक विचित्र गोष्ट सुचली. सुचली म्हणण्यापेक्षा कुणीतरी कानाशी येऊन सांगून गेलं. हे औषध पहारेकऱ्यांना झोपवतं. कुणाचे पहारेकरी? आपले. आणि कधी? ज्या घरात आता खरी पहाऱ्याची गरज आहे, त्याच घरात. हाडांतले आणि डोळ्यांतले पहारेकरी वेगळे असतात हे काय तिला कळत नव्हतं? शाळेत निम्म्या गुरुजींचे अर्ज ती लिहून द्यायची. पण त्या घटकेला तिला ते वेगळे वाटेनात. कॅप्सूल घेत होती तेवढे दिवस आपण बेसावध होतो, तेवढ्यात ह्यांनी ठिपका लावला, असं तिला स्वच्छ दिसलं. ती पुढच्या ओट्यावर गेली, अबोलीच्या कुंडीत बोटाने भोक पाडलं आणि चांदी फोडून कॅप्सूल पुरली. संध्याकाळी दुसरी. बापाला फोन करून म्हणाली, "आप्पा, मी थोडे दिवस राहायला येऊ? वेदिकाला घेऊन." राजाराम गुरुजी म्हणाले, "ये की. काय झालं?" "काही नाही." "काही नाही म्हणजे काहीतरी आहे. बघून ठेवलंयस ना नीट?" "हो आप्पा," ती म्हणाली, "बघून ठेवलंय." तिचं ती ठरवून मोकळी झाली: रविवारी आप्पा येतील, आपण पोर घेऊन जायचं. रक्ताचं काय ते तिकडे बघू. धाप पुन्हा लागायला लागली होती, न्हाणीपर्यंत जाताना भिंत धरावी लागत होती. पण आता ती धाप तिला आपली, ओळखीची वाटत होती. जागं असल्याची खूण.

इकडे कमलाबाईंचा वेगळाच तमाशा चालला होता. रोज सकाळी अबोलीला पाणी घालताना त्या हौसाकाकूच्या मांजराच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. "मेलं मुतून जातंय बघ कुंडीत! काय वास गो, काय वास! हौशे, तुझा बोका बांधून ठेव, नायतर एक दिवस मी त्याला हातखंब्याला नेऊन ट्रकात बसवीन, जाऊ दे गोव्याला!" पलीकडून हौसाकाकू ओरडायची, "माझा बोका तुझ्या कुंडीत कशाला मुतेल? त्याला काय लाजलज्जा नाय काय?" स्वप्ना आत पडल्या पडल्या ऐकायची आणि तिच्या ओठांशी हसू येऊन तिथेच परतायचं. ह्या बाईवर हसू येतं, ह्याचाच तिला राग यायचा.

शनिवारी दुपारी हौसाकाकू पुढच्या ओट्यावरच ठाण मांडून तांदूळ निवडत बसली होती. सकाळची राहिलेली कॅप्सूल पाकिटासकट स्वप्नाच्या मुठीत घामाने चिकट झाली. पुढे जाता येईना, म्हणून ती भिंत धरत धरत मागच्या दारी गेली. पायऱ्या उतरून कितीतरी दिवस झाले होते. मागे धूळ असते, बागेतल्या फवाऱ्याचा वास येतो, तू जाऊ नको, असं कमलाबाईंनी बजावलेलं. हीच ती नजरेआड ठेवलेली जागा, तिच्या मनात आलं. पलीकडच्या आंबाबागेला मोहोर आला होता, हवेत तो गोड, किंचित कुबट वास होता. पायऱ्यांखाली धुणं धुवायचा दगड, त्याच्या बाजूला चिऱ्यांचा गडगा, आणि गडग्यातला एक चिरा निखळलेला. त्या पोकळीत एक स्टीलचा पेला पालथा घातलेला होता.

स्वप्नाचे पाय जागीच थांबले. पेल्याच्या शेजारी वेदिकेची छोटी वाटी होती, तीही पालथी, आणि तिच्यावर उन्हाचा कवडसा. आणि दगडावर कमलाबाई पाठमोऱ्या बसल्या होत्या, वेदिका त्यांच्या मांडीत. पोर खोकली, मग आजी खोकली. दोघी एकामागोमाग एक, एखादं गाणं म्हणावं तशा. खोकला थांबल्यावर कमलाबाईंनी हात लांबवून त्या पोकळीतला पेला घेतला, कळशीतलं पाणी ओतून प्यायल्या, पेला राखेने घासला, विसळला आणि पुन्हा तिथेच पालथा घातला. तशाच हाताने. आप्पा हसत हसत सांगायचे, अगदी तशाच.

"आई." तिच्या तोंडातून एवढंच निघालं.

कमलाबाई दचकून वळल्या. पहिल्यांदा त्यांनी पदर तोंडावर घेतला, आणि मग सुनेची नजर कुठे आहे ते बघितलं. गडग्यातल्या पोकळीवर. त्यांचा चेहरा असा झाला, जसा चोरी पकडल्यावर माणसाचा होतो. "तू कशाला गो आलीस बाहेर? जा, आत जा. धूळ हाय हितं."

"तुम्ही इथे पाणी पिता?"

"मग काय झालं? माझं मी पितंय."

"माझा पेला वेगळा का केलात?"

वेदिका आईकडे हात करून "आ, आ" करत होती आणि कमलाबाई तिला दोन्ही हातांनी मागे धरून होत्या. "ह्या पोरीला अंगणवाडीत वजन कराय नेली, तिथनं सर्दी झाली," त्या शेवटी म्हणाल्या, "तिची मला झाली. जातच नाय. डॉक्टर अमरला काय बोलले फोनवर ठाव हाय? तुझं औषध असं हाय, की बारीकसा खोकलापण तुला झोपवील. मग मी काय करू? सगळी भांडी एकात एक. कोण कशात पितंय कळत नाय. म्हणून तुझा पेला खूण करून उकळून वर ठेवला. आमची दोघींची भांडी भायेर काढली."

"मग सांगायचं नाही मला?"

"काय सांगू?" कमलाबाईंचा आवाज एकदम चिरकला. "तुझा पेला वेगळा केलाय, असं सांगू? ह्या घरात? मी आठ वर्सांची असताना विहिरीवर हात जोडून बसायचे गो, वरनं कोणतरी ओतील म्हणून. तो शब्द माझ्या तोंडातनं निघंना. रोज ठरवायची, आज सांगीन. रोज जीभ वळायची नाय. मग अमरला म्हटलं, तूपण नको सांगू, जीवाला लावून घेईल ती." त्यांनी पदराने नाक पुसलं. "आणि दुसऱ्याचा वेगळा करायचा, तर माझा पयला भायेर. आत ठेवून मला खाल्लेलं गेलं नसतं."

स्वप्ना पायरीवर बसली. मोहोराचा वास जास्तच दाटला होता. आपण किती नीट बघितलं होतं, तिच्या मनात आलं. एकही गोष्ट खोटी नव्हती. पदर खरा, सरकवलेलं ताट खरं, फोन खरा, ठिपका खरा. सगळं दिसलं होतं, आणि सगळं दिसूनही घरातलंच माणूस चोर ठरलं होतं. आत कुठेतरी, तिच्या कमरेच्या हाडात, काळ्या वाफ्यावर, ह्या चार दिवसांत किती कोवळ्या पेशींनी डोकं वर काढलं असेल आणि किती मारल्या गेल्या असतील? ते कुणी सांगू शकणार नव्हतं. तिने मूठ उघडली. चिकट झालेलं चांदीचं पाकीट तळहाताला रुतलं होतं. तिने ते फोडलं, आणि तो उग्र वास दोघींच्या मधल्या हवेत पसरला.

कमलाबाईंनी नाक वर केलं. हुंगलं. पुन्हा हुंगलं. बसल्या जागेवरून त्यांनी आधी कॅप्सूलकडे बघितलं, मग घराच्या पलीकडे, पुढच्या ओट्याच्या दिशेला, जिथे अबोलीची कुंडी होती.

"म्हंजे..." त्या सावकाश म्हणाल्या, "मांजर तूच काय गो?"

स्वप्नाने मान हलवली. हसू आलं, की रडू, तिला ठरवता येईना; दोन्ही एकदमच आलं आणि धाप लागली. कमलाबाई वेदिकेला दगडावर बसवून उठल्या, तिच्या दिशेने दोन पावलं आल्या आणि मधेच, कुणी दोरीने ओढावं तशा थांबल्या. हात पुढे आलेले तसेच हवेत राहिले. मग तिथूनच ओरडल्या, "किती पुरल्यास?" "चार दिवस," स्वप्ना म्हणाली. "चार दिवस!" कमलाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "आणि मी त्या मुक्या जनावराला शिव्या दिल्या! जा, पयला डॉक्टरला फोन लाव. खरं सांग त्याला, लपवू नको. तो शिव्या देईल त्या ऐकून घे. आणि बापाला सांग, रविवारी आलास तर जेवायलाच ये, लेक न्यायला नको." बापाला बोलावलंय, हे ह्यांना कसं कळलं? प्रश्न मनात उठला. उठला तसा तिने तो थांबवला नाही, फक्त त्याच्याकडे बघितलं. आप्पांनीच फोन केला असेल. बघून ठेवलंयस ना नीट, असं आता ते ह्यांनाही विचारत असतील.

स्वप्ना आत गेली. डॉक्टरांचा फोन लागला. त्यांनी शिव्या दिल्या नाहीत, किती दिवस चुकले ते फक्त दोनदा विचारलं, ते जास्त लागलं. मग म्हणाले, आत्ताची आत्ताच घ्या, उद्या सकाळी तिथेच रक्त तपासा, मला कळवा. तिने वरच्या फळीवरचा झाकलेला पेला काढला, उकळून गार केलेलं पाणी ओतलं आणि मागच्या खिडकीशी येऊन उभी राहिली. बाहेर कमलाबाई पुन्हा दगडावर बसल्या होत्या, खिडकीकडे तोंड करून, घेते की नाही ते बघत. पहारा करत. मांडीवरची वेदिका आईला बघून टाळ्या वाजवत होती. कमलाबाईंनी गडग्यातला पेला उचलला, कळशीतलं पाणी घेतलं आणि भरलेला पेला हातात धरून थांबल्या. जणू तू घेतल्याशिवाय मी घेत नाही. स्वप्नाने कॅप्सूल जिभेवर ठेवली. पेला ओठांपर्यंत नेला आणि सवयीने, आधी आत वाकून बघितलं. पाणी स्वच्छ होतं. तळाच्या गोलात तिचाच पांढरा चेहरा हलत होता. मग ती प्यायली. सगळं प्यायली, आणि रिकामा पेला खिडकीच्या गजाशी उलटा धरला, बाहेरून ठिपका दिसेल असा.